ही तुझी आई का?

"ही तुझी आई का गं?" हवालदाराने वाकून विचारलं. भाजीवालीच्या टोपलीमागे बसलेल्या मुलीने शेफालीकडे पाहिलं, मग त्याच्या खाकी कपड्यांकडे पाहिलं आणि मानेनेच नाही म्हटलं.

खाकी कपडे दिसले की मला ओळख दाखवायची नाही, हे शेफालीनेच पोरीकडून घोकवून घेतलं होतं. नवऱ्याला धरून सीमेपार धाडलं त्या दिवसापासून. पण आठवडी बाजारात कधी हात सुटेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मुलं पळवणारी असेल," कांदेवाला म्हणाला. "नाहीतर बांगलादेशी. घाला गाडीत!"

"तू कांदे तोल रे," भाजीवाली करवादली.

पोरीने शिकवल्याप्रमाणे तोंड घट्ट मिटलं होतं. हवालदार तिला उचलून गाडीकडे निघाला.

मग इतकी वर्षं घराबाहेर ओठांवर न आणलेल्या आपल्या बंगालीत शेफाली सगळ्या बाजारासमोर ओरडली, "आय मा, आमार कोले आय!" ये गं बाळा, माझ्या कुशीत ये.

मुलगी हंबरडा फोडून तिच्याकडे झेपावली. भाजीवालीने डोळ्यांना पदर लावला. हवालदारानेही हसून लेक तिच्या हाती दिली आणि मायेनेच विचारलं, "गाव कुठलं बाई तुमचं?"