तिसरं सदर

हवानाहून पेपर आणणारी गाडी उशिरा आली, म्हणून त्या सकाळी एवेलिओनं पेपर आधी चाळलेच नव्हते. एरवी कॉफी पिता पिता सगळं एकदा नजरेखालून घालायचा, मगच आमच्या चिरूट कारखान्यातल्या उंच खुर्चीवर चढायचा. आम्ही काम करत असताना आम्हाला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे, हीच त्याची नोकरी. आज तसाच घामाघूम चढला. खाली दोनशे माणसं चिरूट वळत बसलेली, आणि सगळ्यांचे कान वर.

आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी रेडिओवर भाषण ठोकलं होतं. चिरूट वळायला आता मशीन येणार. म्हणजे दहा माणसांत दोनशेंचं काम. पेपरवाल्यांनी बोंब मारली तर राष्ट्राध्यक्ष कच खातात, एवढाच काय तो आधार उरला होता.

पहिल्या सदरवाल्यानं भाषणाला थोर म्हटलं.

"त्याचा मेव्हणा मंत्री आहे, तो दुसरं काय म्हणणार!" चुचो ओरडला. हशा पिकला.

दुसऱ्यानं लिहिलं होतं, मशीन चांगलं, माणूसही चांगला.

"ह्याला दोन्ही घरी जेवायचंय."

"गप रे चुचो. आता आपला लिसांद्रो ऐकू दे."

लिसांद्रो म्हणजे ओतिलियामावशीचा मुलगा. पहिल्या रांगेत, तिच्याच शेजारी बसून बारा वर्षं चिरूट वळलेला. आता हवानाच्या पेपरात सदर लिहायचा. त्याच्या स्टुलावर अजून कुणाला बसू दिलं नव्हतं. मावशीनं अर्धा वळलेला चिरूट खाली ठेवला, हात पुसले.

एवेलिओनं तिसरा पेपर उघडला. "कालचं भाषण मी ऐकलं," एवढं वाचलं, अन् थांबला. चष्मा वर सरकवला. मग एकदम मोठ्यानं सुरू झाला, "आणि मला शरम वाटली! ज्या हातांनी या देशाचं नाव जगभर नेलं, ते हात रिकामे बसवणारे तुम्ही कोण?"

कडाकडा पाती वाजली. आमच्याकडं आवडलं की पानं कापायचं पातं बाकावर आपटतात. नाही आवडलं तर जमिनीवर टाकतात. लिसांद्रोच्या सदराला जमिनीवर पातं कधी पडलं नव्हतं.

मावशीचं पातं तेवढं वाजलं नाही.

"एवेलिओ," ती म्हणाली, "आता त्यानं लिहिलंय ते वाच."

"तेच वाचतोय की, मावशी."

"मला अक्षर येत नाही. पण वीस वर्षं तुला बघतेय. वाचताना तुझे डोळे कागदावर फिरतात. मघापासून तू माझ्याकडं बघतोयस."

एवेलिओनं पेपराची घडी घातली.

"जाऊ दे ना, मावशी."

"वाच म्हटलं ना."

एवेलिओनं वाचलं. आता डोळे कागदावरच होते. "कालचं भाषण मी ऐकलं, आणि मला धीर आला. मी स्वतः त्या बाकांवर बसलोय, म्हणून हक्कानं सांगतो. ते हात आता थकलेत. मशीन येऊ द्या. त्यांना घरी जाऊ द्या."

प्रत्येकाच्या मुठीत पातं होतं, पण समोर मावशी बसलेली. कुणाच्यानं मूठ उघडवेना.

मावशीनं तो अर्धा राहिलेला चिरूट उचलला. वळला, टोक बंद केलं, बोटांनी चाचपून पाहिला. कुठं सुरकुती नाही, कुठं पोकळ नाही. तो तिनं लिसांद्रोच्या रिकाम्या स्टुलावर ठेवला. मग बाकाच्या कडेबाहेर हात धरला आणि पातं सोडून दिलं.

फरशीवर ते एकटंच वाजलं. मग बाकीची पडली.