थकलेल्या हप्त्यांचं घर

गुणाजीने नळ सोडला. पाणी धो धो आलं. पाण्याच्या वेळेलाच तो मुद्दाम बोरीवलीला आला होता. दुपारी घर बघायला गेलं, की कोरडा नळ दाखवून कुणीही वाटेल त्या थापा मारतं.

"तिसरा मजला असून असंच येतं हो भाऊ," मालन म्हणाली. घर तिच्या नवऱ्याच्या, जयवंतच्या नावावर होतं. पण फाटकावर 'विकणे आहे' अशी पाटी तिनेच लावली होती.

गुणाजीने भिंतींवर टिचक्या मारल्या, मोरीत ओल आहे का पाहिलं, खिडकीची कडी दोनदा लावून काढली. घर झकास होतं, आणि त्याला उगाच राग आला. जोगेश्वरीच्या त्याच्या खोलीत पोरं पाय दुमडून झोपायची. निघताना बायकोने, जानकीने, बजावलं होतं, "घर नीट पारखा. चुकलात तर आपली वाट लागली म्हणून समजा."

"कर्ज किती राहिलंय?" त्याने विचारलं.

"बत्तीस हजार. कागद पतपेढीत गहाण आहेत." मालनने काही लपवलं नाही. "हे कारखान्यात होते तोवर हप्ता पगारातूनच जायचा. मग नोकरी सोडून धंद्यात पडले. तेव्हापासून सात हप्ते थकलेत."

"आणि मागताय किती?"

"एक लाख दहा. थोडं कमी-जास्त करू."

गुणाजीने मनातल्या मनात वजाबाकी केली. कर्ज आणि दंडाचं व्याज फिटूनही बरंच उरत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"पतपेढीची माणसं येतात का दारात?"

"यायची ना. जिन्यात उभं राहून मोठमोठ्याने बोलायची. सगळे शेजारी ऐकायचे, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण गेले तीन महिने कुणी फिरकलंच नाही. देवच पावला म्हणायचं."

तिने चहा आणला, सोबत दोन बिस्किटं. बाई सरळ होती, आणि तेच त्याला जड जात होतं. त्याने निम्मा चहा संपवला.

"मग काय भाऊ, घेताय ना घर?"

गुणाजीने कप खाली ठेवला.

"घेतोच आहे की, वहिनी. जयवंतच्या कर्जाला जामीन मी राहिलोय. तीन महिने तुमचा हप्ता माझ्या पगारातून कापला जातोय."