बॅटरीशिवाय

कसबा बावड्यातल्या आपल्या घरात सबिना दुपारी सुटे भाग खोचायचा ब्रेडबोर्ड घेऊन बसली होती. शाळेत मुलींना पहिलं सर्किट शिकवायचं होतं, म्हणून आधी स्वतः जोडून बघत होती. शेजारच्या कॉटवर तिचे आजारी अब्बा पडून होते.

तिनं रेझिस्टर बसवला, मग एलईडीचा बारका लाल दिवा खोचला. बॅटरी अजून पाकिटातच होती. तरीही एलईडी लुकलुकू लागला.

तिनं तारा काढल्या. शेवटी एलईडीच उपसून तळहातावर घेतला. तो तिथंही लुकलुकत राहिला.

"सबिना, छातीत कसंतरी हुतंय गं," अब्बा म्हणाले.

तिनं घाईनं त्यांचं मनगट धरलं. नाडी आणि तो लाल उजेड एकाच ठेक्यात चालले होते, आणि दोन्ही मंदावत होते.

मनगट न सोडता तिनं दुसऱ्या हातानं एलईडी पुन्हा बोर्डात खोचला, बॅटरी जोडली, काढलेल्या तारा परत जोडून पाहिल्या. उजेड विझला. बोटांखालची नाडीही थांबली.

"अब्बा!" ती किंचाळली.

अब्बांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्यांचं मनगट तिच्या हातात गार पडलं होतं.

"का विझवलास गं तो दिवा?" ते म्हणाले. "लाव की परत."