पाच नंबरचा केक

केक मधोमध खचला होता.

तिने सुरी घालून पाहिली. आतून नीट भाजला होता, फक्त मधला भाग बशीसारखा खाली गेला होता. मैदा तिने काट्यावर मोजला होता, अंडी तासभर आधी बाहेर काढून ठेवली होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढलेल्या बाईची मापं चुकत नाहीत. चूक त्याची होती. बाविसाव्या मिनिटाला त्याने ओव्हनचं दार उघडून आत डोकावलं होतं. दर वेळी डोकावायचा.

"वास सुटला, राहवलं नाही," तो म्हणाला. कडेचा निघालेला तुकडा त्याने तोंडात टाकला. "आणि खचला नाही तर तो तुझा, हे मला कळणार कसं?"

इमारतीच्या सहभोजनात गोड पदार्थ वेगळ्या टेबलावर मांडत. भांड्यावर नाव नाही, नुसता नंबर. मग नवरेमंडळींचे डोळे बांधून त्यांना एकेक चमचा चाखवायचा आणि आपला पदार्थ कोणता ते त्यांनी सांगायचं. जो चुकेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. इमारतीतल्या बायका वर्षभर या दिवसाची वाट पाहत.

त्या टेबलावर तिने आजवर काही ठेवलं नव्हतं. दर वर्षी कागदी पेले आणि रुमाल आणून ती मोकळी व्हायची. यंदा मात्र तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"सगळ्यांसमोर म्हणायचं," तिने पुन्हा बजावलं. "हा माझा, असं."

"म्हणेन."

"लोक काहीही बोलतील."

"बोलू देत. एकदाचं होऊन जाऊ दे."

तिला बाकी काही नको होतं. चार वर्षं तो तिच्या हातचं खात होता, बोटं चाटत होता, चार भिंतींच्या आत तोंड भरून कौतुक करत होता. बाहेर मात्र त्याच्या तोंडाला कुलूप. जिन्यात समोर आला तरी मान हलवून पुढे जायचा. चारचौघांत त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

"मी पुढे होतो," तो म्हणाला. "बरोबर गेलो तर कळेल."

खेळाचा नियमही तसाच होता. कुठलं भांडं कोणी आणलं हे खेळणाऱ्याला दिसता कामा नये. जिन्यात कोणी नाही असं पाहून तो चपला हातात घेऊन उतरला. तिने अर्धा तास जाऊ दिला, साडी बदलली आणि केकवर ताट झाकून निघाली.

तळमजल्याच्या सभागृहात भाज्यांची टेबलं केव्हाच भरली होती. निवृत्त पोस्टमास्तरांनी तिच्या ताटाला पाच नंबरचा कागद चिकटवला, चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं, घडी घालून डब्यात टाकली. टेबल बालवाडीच्या बाई मांडत होत्या. या बाईंना सगळ्यांची काळजी. कोणाचं झाकण बसत नव्हतं, कोणाचं आईस्क्रीम वितळत होतं, सगळं त्याच निस्तरत होत्या.

"खचलाय का जरा?" त्यांनी विचारलं.

"जरासा."

बाईंनी चाळणीतून वर पिठीसाखर भुरभुरवली. खड्डा दिसेनासा झाला. पहिल्यांदाच गोड आणलंत, बरं केलंत, असं त्या म्हणाल्या. मग हात झटकत म्हणाल्या, एवढं टेन्शन घेऊ नका, पुरुषांना चव कळते हा आपला गैरसमज आहे.

तिला हसू आलं. बाईंशी बोलून कोणालाही बरं वाटायचं.

पहिला नंबर लिफ्टवाल्याचा लागला. त्याने तिसऱ्या भांड्यातला एक चमचा खाल्ला आणि हे कुठल्या तरी वैऱ्याच्या घरचं आहे असं जाहीर केलं. पोस्टमास्तरांनी चिठ्ठी उघडली. पदार्थ त्याच्या सासूचा होता. सासूबाई शांतपणे उठल्या आणि भांडी घासायची घासणी त्याच्या हातात ठेवून जागेवर येऊन बसल्या. हसता हसता लोकांची पुरेवाट झाली.

मग तो उठला.

पोस्टमास्तरांनी त्याचे डोळे बांधले. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक वेळी त्याने मान हलवली. ती तिसऱ्या रांगेत खुर्चीची पाठ धरून उभी होती.

पाच.

तो चावत राहिला. बाकीचे घास त्याने लगेच गिळले होते, हा गिळला नाही. सवयीने त्याचा हात दुसऱ्या घासासाठी पुढे झाला. तिने तो हात पाहिला. ती नकळत खुर्चीच्या पुढे आली.

हात मागे गेला.

"हा कोणाचा असेल तो असो," तो म्हणाला. "पण ज्याच्या नशिबी हा रोज आहे, त्याला माझ्या खर्चाने पाचक चूर्ण द्या."

सभागृह हसलं. लिफ्टवाल्याने घासणीने टेबल बडवलं. तीही हसली, कारण न हसणारी ती एकटीच उरली असती.

सहा. सात. सातवा चमचा तोंडात जाताच त्याने दोन्ही हात वर केले. "हा आमचा. हातच सांगतो."

"सात नंबर," पोस्टमास्तरांनी चिठ्ठी वाचली, "बालवाडीच्या बाई. सलग नववं वर्ष."

बाई पुढे गेल्या. त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला आणि त्याच रुमालाने त्याची हनुवटी पुसली. टाळ्या थांबेपर्यंत दोघं तशीच हात धरून उभी होती.

लोक जेवणाकडे वळले. बाई पाच नंबरच्या केकचा तुकडा बशीत घेऊन तिच्याजवळ आल्या, एक घास त्यांनी चवीने खाल्ला.

"त्यांचं मनावर घेऊ नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्याकडून घरी आले की मला नेहमी सांगतात, केक तेवढा बरा होता."