सिस्टरचा प्रवेश

"हे कॉलेज नको," गाडीत बसताच ती म्हणाली.

नवऱ्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. "अगं, एवढं नावाजलेलं. इमारत बघितलीस ना?"

"इमारत घेऊन काय करू? बाई जीव तोडून शिकवत होत्या आणि मागे पोरं खिदळत होती. मला तिथे नाही चालायचं."

तो शाळेची बस चालवायचा. पोरांचं खिदळणं त्याला नवं नव्हतं. त्याने गाडी दुसऱ्या कॉलेजच्या रस्त्याला लावली. गतिरोधक आला की तो मुंगीच्या पावलांनी जायचा. मागून हॉर्न वाजले तरी त्याने वेग वाढवला नाही.

सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. नवऱ्याचीच तेवढी पंचाईत होती, म्हणून त्याने उभा संसार 'अगं'वर भागवला. तिची हयात लहान मुलांच्या वॉर्डात गेली. आपण नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, रोग्याला स्वतः तपासायचं, औषध स्वतः लिहून द्यायचं, हे तिने लग्नाआधीच ठरवलं होतं. मग मुलगा झाला. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग वॉर्डात माणसं कमी पडायला लागली. दर वर्षी ती 'पुढच्या वर्षी' म्हणायची. या वर्षी मात्र तिने ड्यूटी सोडली आणि दोन्ही कॉलेजांना स्वतः फोन केले.

"मुलाला कधी सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

"एकदा ठरू दे. चिडेल, रडेल, मग ऐकेल. तुमच्यासारखाच आहे तो."

"मी ऐकलंय असं कोण म्हणालं? दोन वर्षं तुला तिथे ठेवून मी घरी काय करू?"

"कुकर लावायला शिका. निम्मं घर त्यावर चालतं."

त्याला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

दुसरं कॉलेज एका जुन्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला होतं. जिना चढताना धाप लागली तशी ती मध्येच थांबली आणि भिंतीवरचे जुन्या वर्गांचे फोटो बघत राहिली. तो दोन पायऱ्या खाली, तिच्या मागेच उभा होता.

विभागप्रमुख बाई खुर्चीतून उठून दारापर्यंत आल्या. "या सिस्टर. फोनवर बोललो होतो आपण."

"माझ्या वयाची काही अडचण?"

"वयाची अट नाही आमच्याकडे."

"वर्गात किती जण असतात?"

"पंधरा. मुद्दामच. जास्त घेतले की कुणालाच नीट हात लावायला मिळत नाही."

"पहिल्या दिवशी काय करता?"

"सगळे शांत उभे राहतो, थोडा वेळ. मग कामाला लागतो."

तिने मान हलवली. आवडल्यासारखी.

बाई कागद आणायला गेल्या तेव्हा ती शेजारच्या खोलीत डोकावली. एक मुलगी रबराच्या पाठीवर सुई टोचायचा सराव करत होती. ओठ दाताखाली, कपाळावर घाम.

"काकू, तुम्हीपण या वर्षी प्रवेश घेताय?" मुलीने विचारलं.

"विचार तर आहे."

"घ्या हो. फार चांगलं शिकवतात. मीच भित्री. कण्यात सुई घालायची म्हटलं की हात कापतात. रबरावर जमतं, पण खऱ्या माणसावर करताना चुकलं तर?"

तिने मुलीचा हात हातात घेतला आणि बोटं त्या रबरी पाठीवरून सावकाश फिरवली. "आधी जागा शोध. सापडली? आता दम घे. चुकलं तर पुन्हा कर. समोरचं माणूस कुठे पळून जातंय?"

मुलगी हसली. "तुम्ही माझ्याच गटात या हं, काकू."

"येते," ती म्हणाली आणि तिने मुलीचा गाल थोपटला.

दारात उभा असलेला नवरा वळला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक भिंत होती.

"ठरलं," बाईंसमोर बसत ती म्हणाली. "हेच कॉलेज. शिकायला यायचं ते अखेर आले बघा!"

कित्येक दिवसांनी ती अशी मोकळी हसत होती. तिने सही केली आणि पेन नवऱ्यापुढे धरलं.

"घरच्यांचीही संमती लागते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमची तयारी नसेल तर आज नको."

त्याने पेन घेतलं. टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग मान खाली घालूनच त्याने विचारलं,

"बाई, मुलांचं हिच्या देहावर शिकून झालं, की राख तरी माझ्या हातात द्याल ना?"