जंतूंचं विरजण

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे, जमिनीत उतरवलेल्या काचेच्या नळीत भैरूअण्णा वाटीभर काकवी ओतत होते. तेवढ्यात मागून त्यांची बायको शालन म्हणाली, "सापडलासा न्हवं!"

नळीतला निळसर उजेड वाढला. खाली पार गावच्या विहिरीपर्यंत पसरलेले जंतू जेवायला लागले होते. कारखान्याचं मुरलेलं विष त्यांनी काही वर्षांत खाऊन संपवलं होतं. जोडीला काकवी भरवायचं काम अण्णांचं. आता काकवी बंद करायला सांगितलं होतं, म्हणजे जंतू उपासानं मरणार आणि मगच विहीर प्यायला खुली होणार होती. पण तपासणीत ते दर वेळी जिवंतच निघत.

"सगळं गाव टँकरच्या पाण्यावर, आणि तुम्ही ह्यांचे लाड करतासा व्हय?"

"अगं, विष खाल्लं त्यांनी आपल्यासाठी," अण्णा खाली बघत म्हणाले. "आता उपाशी कसं मारू?"

शालन घरी गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. "ह्यात थोडे काढून घ्या, विरजणासारखे. माझ्या बहिणीच्या गावची विहीरबी अशीच नासलीया. बाकीच्यांना आता जाऊ द्या."

विहीर खुली झाली त्या दिवशी बहीण डबा न्यायला आली. शालननं तिला विहिरीचं तांब्याभर पाणी दिलं. अण्णा मात्र डबा हातातून सोडेनात.

"पहिले चार दिवस काकवी कोमट करून घाला," ते मेहुणीला म्हणाले. "नवी जागा हाय. बुजतील."