नाव घेऊन थँक यू

दाराशी आलेलं गिऱ्हाईक पाहिलं आणि इंदूच्या हातातली शर्टाची घडी विस्कटली. बाबाराव होते. तिचे यजमान. उन्हासाठी डोक्याला बांधलेला रुमाल सोडत, चोरासारखे आत डोकावत होते.

नुसतं डोकावून ते परत फिरले असते, पण दाराशी अनिमेष उभा होता. पंडरीच्या कापडबाजारात नव्यानं उघडलेल्या या मोठ्या शोरूमचा तो ट्रेनर. घर मराठी, पण बोलायचा हिंदीतच. त्यानं बाबारावांना अदबीनं आत घेतलं आणि इंदूला हाक मारली.

"इंदू दीदी, आपका टेस्ट इन्हीं पर. वेलकम से बिल तक. और आखिर में कस्टमर का नाम लेकर थैंक यू. नाम नहीं, तो नौकरी पक्की नहीं."

महिनाभर पोळ्या लाटता लाटता इंदूनं सारं घोकलं होतं. पुतळ्याला मॅनेक्विन म्हणायचं, दुकानात येणाऱ्या माणसांना फूटफॉल. न खपता पडून राहिला तो डेड स्टॉक, भाव उतरवला की मार्कडाउन. हे झोपेतही आलं असतं. पण नवऱ्याचं नाव? ते तिनं लग्नात घेतलं होतं. त्यानंतरचा सगळा संसार 'अहो'वर झाला होता.

खरं सांगावं, तर टेस्ट रद्द. आणि बाबाराव तरी कोणत्या तोंडानं सांगणार? "या वयात सेल्सगर्ल!" म्हणून महिनाभर गाल फुगवून बसलेला माणूस बायकोला चोरून पाहायला आला, हे?

"नमस्कार, सर," इंदू म्हणाली. "काय दाखवू?"

बाबारावांनी इकडे तिकडे पाहिलं. 'सर' आपणच, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"शर्ट... शर्ट पाहून राहिलो होतो."

"साईज, सर?"

"साईज तुले..." ते अडखळले. अनिमेषनं मान वर केली. "साईज तुम्हीच सांगा, मॅडम. मले नाही माहीत."

इंदूनं न मोजता बेचाळीसचा आकाशी शर्ट काढला आणि काउंटरवर अलगद पसरला. बाबारावांनी आधी किमतीची चिठ्ठी पाहिली.

"काहून एवढा महाग?"

"प्युअर कॉटन आहे, सर. धुतला तरी आकसत नाही. घरी कपडे कोण धुते?"

बाबारावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "बायको."

"मंग तिलेही विचारा कधी, कोणता धुवाले सोपा जाते."

शेजारच्या रॅकजवळची बाई फिसकन हसली. बाबारावांनी शर्ट उचलला आणि मुकाट्यानं ट्रायल रूम गाठली.

बाहेर आले तेव्हा आकाशी रंग त्यांच्या सावळ्या रंगावर असा खुलला होता, की इंदू क्षणभर टेस्ट विसरली. पुढे होऊन तिनं त्यांची कॉलर सरळ केली, खांद्यावरचा दोरा टिपला. मग अनिमेष दिसला आणि तिचा हात चटका बसल्यासारखा मागे आला.

"सॉरी, सर."

"असू द्या," बाबाराव आरशात पाहत म्हणाले. "चांगला दिसून राहिला." शर्टाला म्हणाले की आणखी कशाला, ते इंदूला कळलं नाही. पण त्यांच्या गालांवरचा महिनाभराचा फुगा उतरलेला तिला स्पष्ट दिसला.

बिलाच्या काउंटरवर रीना बसली होती. तिनं शर्ट पिशवीत घातला. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं खोळंबली. अनिमेष पेन सरसावून उभा राहिला.

"थँक यू..." इंदू म्हणाली.

"दीदी, नाम!" रीना कुजबुजली.

इंदूनं बाबारावांकडे पाहिलं. तेही घामाघूम झाले होते. जणू टेस्ट त्यांचीच होती. सरळ नाव घ्यायला जीभ वळत नव्हती. वळेल अशी एकच वाट तिला ठाऊक होती. तिनं पदर खांद्यावर घेतला, नजर खाली केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"साऱ्या मालाले मार्कडाउन, सेल लागला थाटात;
बाबारावांवर सूट नाही, भेटत नाहीत हाटात!"

मघाची ती बाई "अगं बाई!" म्हणत टाळ्या पिटू लागली. रीनानं तोंडावर हात ठेवला. अनिमेष एकदा इंदूकडे, एकदा बाबारावांकडे पाहत राहिला. लहानपणी मराठी लग्नांत जेवलेला पोरगा, उखाणा त्यालाही कळला.

"मतलब... ये..." तो हसायला लागला. "दीदी, ये मैंने तो नहीं सिखाया था. पास!" आणि त्यानं कागदावर मोठी बरोबरची खूण केली.

इंदूनं ओठ दाबून हसू आवरलं. रीनानं बिलावर लिहायला म्हणून नेहमीसारखं विचारलं, "सर, आपको अटेंड किसने किया?"

बाबारावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घरात ते बायकोला "अवं, ऐकून राहिली का?" एवढंच म्हणत; चारचौघांत तेवढंही नाही. ते खाकरले. मागची सारी रांग ऐकत होती.

"इंदूनं," ते म्हणाले. आणि रीनानं लिहिलं की नाही ते वाकून पाहत, जरा मोठ्यानं, "इंदूनं."